सासूबाई वाचतात, मी टाइप करते

४ मार्च २०१३, सोमवार
आज टाइपरायटर घरी आला. क्लासच्या सरांनी "परीक्षेपर्यंत वापरा" म्हणून दिला. रिक्षातून उतरवताना पुंडलिकनगरातली अर्धी गल्ली गोळा. शेजारच्या काकूंना शिलाई मशीन वाटलं, फॉल-पिको कधीपासून सुरू करणार विचारून गेल्या.
हे गेल्यावर त्यांच्याच ऑफिसात मला लावून घेतलं ते या अटीवर की ठरल्या मुदतीत मराठी टायपिंग पास व्हायचं. मिनिटाला तीस शब्द. दोनदा नापास झाले. मे महिन्यातली तिसरी, आणि शेवटची. नाही झाले तर नोकरी गेली. आजचा वेग एकवीस. मुक्ता चौथीत आहे, घड्याळ तिच्याकडे. "आई, तू मधे मधे थांबून विचार करतेस." खरं आहे.

९ मार्च, शनिवार
नवी पद्धत. सासूबाई मोठ्याने वाचतात, मी नुसतं ऐकून टाइप करते. सर म्हणाले, काही दिवस डोकं बाजूला ठेवा, कानावर पडेल ते बोटांतून जाऊ द्या, हात मोकळा होईल. सा. सातवी शिकलेल्या, वाचायची भारी हौस. "उपरोक्त विषयास अनुसरून" पोथीच्या चालीत म्हणतात. वेग तेवीस.

१६ मार्च, शनिवार
फुलंब्रीहून दीर आले. चहा घेता घेता, "वैनी, नोकरीचं काय खरं नाय. औंदा पाणी नाय, पर घर तर हाय. पोरीला घेऊन या. आई बी येईल." सा. भाकरी थापत राहिल्या. मी कपबशा उचलल्या.
मनापासून बोलतात, वाईट नाहीत. पण तिथं जाऊन मी काय, दिवसभर चुलीपुढे. इथं दहा ते पावणेसहा मी मॅडम आहे. मला ते आवडतं. एकदा लिहूनच टाकते. सा. मात्र जातील तिकडं. मुलगा तो एकच उरलाय त्यांना.

२२ मार्च, शुक्रवार
ऑफिसात टँकरच्या प्रस्तावांचा ढीग. साहेब म्हणाले, घरी मशीन आहे ना? चार पत्रं आणली. सा. वाचतायत, मी बडवतेय. मधेच गल्लीत पाण्याचा टँकर आला, पळापळ. दोन ड्रम भरले, पाइपवरून काकूंशी थोडी बाचाबाची. परत येऊन पुढच्या ओळीपासून सुरू. जेवणाआधी चारही पूर्ण. वेग सव्वीस तरी असेल. खूश.

५ एप्रिल, शुक्रवार
घात.
एका वाडीच्या सरपंचबाई ऑफिसात आल्या. "मॅडम, आमच्याकडं टँकर आला म्हणतेत. कधी आला वो? आम्ही तर पाह्यला नाय." फाईल काढली. आमच्याच पत्रात, साहेबांच्या सहीनिशी: "सदर वाडीतील दोन्ही विहिरी कोरड्या पडल्या असून टँकर आला सुनंदा ऊठ लवकर तरी मंजुरी मिळावी ही विनंती."
सा.नी एकाच चालीत म्हटलं, माझ्या बोटांनी ते जसंच्या तसं घेतलं. तालुक्याच्या बाबूने "टँकर आला" खाली लाल रेघ मारून शेरा लिहिलाय: टँकर पोचल्याने प्रस्ताव निकाली. सुनंदा कोण, हे विचारलंसुद्धा नाही.
आत्ता लिहिताना हसू येतंय. तेव्हा आलं नाही. माझ्यामुळे दोन आठवडे त्या बायका डोक्यावर हंडे घेऊन फिरल्या. सरपंचबाईंसमोर मान वर करवेना.

८ एप्रिल, सोमवार
साहेबांनी लेखी खुलासा मागितला. तोही मीच टाइप करायचा. वाचून ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले, खांदे हलत होते. मग वळून, अगदी गंभीर: "पास झालात तर हा कागद माझ्या कपाटात राहील. नाही झालात तर मला काहीच करता येणार नाही."
दुपारी दुरुस्त पत्र घेऊन स्वतः एसटीने तालुक्याला. बाबूने चष्म्यावरून बघितलं. "ऊठ लवकर त्या तुम्हीच का?" म्हटलं, मीच. मंजुरी हातात पडेपर्यंत उठले नाही.

१० एप्रिल, बुधवार
सरपंचबाईंचा फोन. टँकर पोचला. "आता खराच आला बरं का मॅडम." उद्या पाडवा, वाडीतल्या बायका पुरणाचं करणार म्हणाल्या. फार बरं वाटलं.
सा.ना सांगितलं. म्हणे, "साहेबाला माझं बी नाव सांगायचं व्हतं. निम्मं पत्र माझंच हाय." दोघी पोट धरून हसलो.

२६ मे, रविवार
परीक्षा झाली. हॉलभर विशीतल्या पोरी. एकीने मला "मॅडम, पेपर कधी वाटणार?" विचारलं. मी तिच्या शेजारच्या मशीनवर बसल्यावर बिचारी लाजली.
उताऱ्याच्या शेवटच्या दोन ओळी राहिल्या. की तीन? सर म्हणतात, काठावर. मशीन परत केलं.

१४ जुलै, रविवार
दिरांनी फुलंब्रीच्या घरातली वरची खोली आमच्यासाठी रंगवून घेतली. मुक्ताला रंग विचारला होता. मला नाही.

४ ऑगस्ट, रविवार
उद्या निकाल.
संध्याकाळी दिरांचा फोन. सामानाला टेम्पो सांगून ठेवू का? मी "बघू" म्हणणार, तर सा.नी फोन हातातून घेतला. "टेम्पो नको सांगू. निकाल काय लागायचा तो लागंल. बहात्तर साली तुझा बाप गेला, तू पोटात व्हतास. मला बी म्हणले, भावकीत येऊन ऱ्हा. मी रस्त्यावर खडी फोडली, पर गेले नाय. ही बी नाय येणार. आम्ही इथंच हाओत." आणि फोन ठेवला. मग मला, "बरोबर बोलले ना?"
इतके दिवस धरून चालले होते की नोकरी गेली की सा.ही जातील. त्या "आम्ही" म्हणाल्या. मोरीत जाऊन चांगली रडले.
नापास झाले तर पुढं काय, ते आम्ही अजून ठरवलेलं नाही. सा. म्हणतात, आधी झोप, अकराला कळंलच. मुक्ताला डब्यात भेंडी हवी आहे.