चौथी ओळ

धावडा, ४ डिसेंबर १९८८
आज बाडबिस्तरा घेऊन धावड्यात दाखल झालो. जालन्याचे मित्र चिडवत होते की तिथे इंग्रजी कोणाला शिकवणार, ज्वारीला? चिडवू देत. खोल्या ऐसपैस आहेत. घरमालकीण झुंबरबाई शेजारीच राहतात. आल्याआल्या त्यांनी भाकरी आणि ठेचा पाठवला. ओसरीत एक जुनं जातं आहे, सरोजिनीने ते पुसून लख्ख केलं. लग्नाला वर्ष होत आलं, पण आमचा संसार खरा आजच सुरू झाला.

८ डिसेंबर
बारावीला एक जुनं इंग्रजी कथागीत आहे. चार ओळींचं कडवं. पहिल्या-तिसऱ्या ओळीत चार ठोके, दुसऱ्या-चौथीत तीन, आणि यमक दुसरी-चौथीचं. शेवटच्या कडव्याची चौथी ओळ मात्र काळाच्या ओघात हरवलेली. पोरांना ठोका काही केल्या कळेना. मग दुपारी त्यांना घरी आणलं आणि जातं रिकामंच फिरवून दाखवलं, दर फेऱ्याला एक ठोका. म्हटलं, शब्द विसरा, नुसता साचा ऐका. यात कुठलीही भाषा बसते. तिसऱ्या ओळीवर थांबलो. पोरं डोलत होती. मी स्वतःवर जाम खूश!

झुंबरबाई मात्र धावत आल्या. "रिकामं जातं फिरवू नका, सर. दाणा न्हाई भेटला की ते घरातलं माणूस मागतंय." मी हसण्यावारी नेलं.

११ डिसेंबर
जेवताना सरोजिनी एकाच लयीत बोलत होती. चार ठोके, तीन, चार. मग गप्प. मला वाटलं, माझी नक्कल करतेय. मी हसलो. ती हसली नाही.

१३ डिसेंबर
आता ती एवढंच बोलते:

चूल पेटली, भाकर झाली,
पाणी आलं दारी,
जात्यापाशी कोण बसलं —

आणि माझ्याकडे बघत श्वास रोखून धरते. ओठ निळे पडतात. गालावर चापट मारली तेव्हा कुठे श्वास घेतला. भोकरदनहून डॉक्टर आणला. तो म्हणाला, अशक्तपणा आहे. नाडी मीही पाहिली. चार. तीन. चार. मग काहीच नाही. मला भीती वाटतेय.

१५ डिसेंबर
जात्याचा खुंटा धरून बसलीय. हात सुटत नाही. झुंबरबाईंनी आणि मी मिळून ओढला, तरी नाही. मूठभर ज्वारी टाकली, ती अख्खीच्या अख्खी बाहेर आली. तरी जात्याभोवती पीठ पडतंय. लालसर. तिची बोटं कालच्यापेक्षा आखूड —

१६ डिसेंबर
झुंबरबाईंना हात जोडून उपाय विचारला. त्या म्हणाल्या, "जेनं फिरवलं, त्यानंच भरायचं असतं, सर. बारी त्याचीच." आणि पदराने डोळे पुसत निघून गेल्या.

१७, सकाळ
श्वास थांबतो तो फार वेळ — मी तिच्याशिवाय राहू शकणार नाही. डावा हात खुंट्यावर ठेवलाय, उजव्याने लिहितोय. दगड गरम आहे —

तिची बोटं सैल होतायत. सुटली. सरोजिनी दारापर्यंत गेली — श्वास घेतेय, रडतेय, मला नावाने हाक मारतेय — आता साधं बोलतेय ती —

माझा हात निघत नाही. तिन्ही ओळी आता मीच म्हणतोय. तोंड माझं, पण — तीन ठोके हवेत. यमक 'दारी'शी. नको. लिहायचं नाही. हात आपोआप —

आता माझी बा