मध्य स्पीकरची जोडणी पुन्हा बिघडवू नये, याबाबत

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
नादवेल इलेक्ट्रॉनिक्स, ग्राहक सेवा विभाग,
पुणे.

अर्जदार : आर. अनिरुद्धराव, निवृत्त हेडक्लार्क, पाटबंधारे कार्यालय, ओरत्तनाडु. राहणार राजवाड्यामागील गल्ली, तंजावूर.

विषय : आमच्या होम थिएटरची सुरळीत चाललेली जोडणी 'मूळ स्थितीत' आणण्यासाठी तंत्रज्ञ न पाठविण्याबाबत व सेवा अहवालातील शेरा रद्द करण्याबाबत.

संदर्भ : आपले दि. ३० जानेवारी २००३ चे पत्र.

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्ज करतो की, माझी पत्नी सौ. अंबा यांची दृष्टी काचबिंदूमुळे तीन वर्षांपूर्वी पूर्ण गेली. त्यापूर्वी त्यांनी येथील सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखितांच्या याद्या करण्याचे काम बावीस वर्षे केले. त्यांना सिनेमाची फार आवड. दृष्टी गेल्यावर त्या घरातल्या टीव्हीपुढे बसत, पण एकाच लहान स्पीकरमधून सगळे आवाज एकमेकांत मिसळून येत आणि कोण कोठे आहे हे त्यांना समजत नसे. थोड्याच दिवसांत त्या उठून आत जाऊ लागल्या. म्हणून गेल्या दीपावलीस मी आपला संच आणला : रिसीव्हर, डीव्हीडी प्लेअर, पाच स्पीकर व एक मोठा बासचा डबा. आवाज जागच्या जागी ऐकू आले तर त्यांना सिनेमा पुन्हा मिळेल, एवढाच हेतू होता.

२. दुकानात तमिळ पुस्तिका असलेल्या संचाच्या पेट्या संपल्या होत्या. "तुम्ही मराठीच ना, सर? मग ही घ्या," असे म्हणून दुकानदाराने मराठी मार्गदर्शिकेची पेटी दिली. मराठी आम्ही घरात बोलतो, हे खरे. पण माझे शिक्षण व नोकरी तमिळ आणि इंग्रजीत झाली. मला देवनागरी वाचता येत नव्हती. ज्यांना येत होती, त्यांना दिसत नव्हते.

३. दि. ९ नोव्हेंबर रोजी आपले तंत्रज्ञ श्री. सूर्यनारायण तिरुच्चीहून आले व अर्ध्या तासात जोडणी करून गेले. सायंकाळी डिस्क लावली. संगीत आले, पाऊस आला, घोडे आले. माणसांचे बोलणे मात्र आले नाही. पडद्यावर सर्वांचे ओठ हलत होते. सौ. अंबा यांनी विचारले, "आज सगळे मुके कां?" फोनवर कळविले असता डिस्क खराब असल्याचे उत्तर मिळाले. आणखी चार डिस्क आणल्या. त्यांतही कोणी बोलले नाही.

४. दि. २३ नोव्हेंबर रोजी श्री. सूर्यनारायण पुन्हा आले. त्यांनी रिमोटने काही बदलले. बोलणे ऐकू येऊ लागले, परंतु विहिरीतून यावे तसे पोकळ. सौ. अंबा पुढच्या दोन्ही स्पीकरांच्या बरोबर मध्ये बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आवाज पुढें नाहीं. मागें कुठें तरी पसरला आहे. एक स्पीकर उलटा बोलतो आहे." श्री. सूर्यनारायण मला तमिळमध्ये म्हणाले, "सर, मॅडमना दिसत नाही, त्यांना काय समजणार?" हे सौ. अंबा यांच्या समोर म्हणाले. त्यांना दिसत नाही, ऐकू येते. त्या उठून आत गेल्या व त्या दिवशी जेवल्या नाहीत. सेवा अहवालावर शेरा आहे : "संचात दोष नाही. वापरणाऱ्या बाई अंध. तक्रार ग्राह्य नाही."

५. दि. १४ डिसेंबर रोजी दुसरे तंत्रज्ञ आले. त्यांनी चित्र पाहिले, चित्र उत्तम असल्याचे सांगितले व चित्र उत्तम असल्याबद्दल माझी सही घेतली. मी तीन वेळा सांगितले की, तक्रार चित्राची नाही. त्यांच्या कागदावर आवाजासाठी रकाना नव्हता.

६. त्यानंतर सौ. अंबा यांनी स्वतः मार्गदर्शिका मागितली. मी प्रत्येक अक्षर बोटाने त्यांच्या तळहातावर काढावे व त्यांनी ते ओळखावे, असे आम्ही दि. १६ डिसेंबरपासून रोज दुपारी सुरू केले. पहिल्या दिवशी एकच शब्द झाला : 'जोडणी'. 'स्पीकर' शब्दाच्या पहिल्या जोडाक्षरावर पाऊण तास गेला. मी वरची रेघ आधी काढी, त्यावर त्या रागावत. "अक्षर आधीं, रेघ मागून." अकरा पानांस एकोणीस दुपारी लागल्या. शेवटच्या चार दुपारी तळहाताची गरज पडली नाही. मी अडखळत वाचत होतो व त्या चुका काढत होत्या. हा अर्जही मीच लिहिला आहे. शब्द पुष्कळसे त्यांचे आहेत, वेडेवाकडे अक्षर माझे.

७. मार्गदर्शिकेप्रमाणे पाहता पुढील गोष्टी आढळल्या. (अ) मध्य स्पीकर, ज्यातून माणसांचे बोलणे येते, त्याची वायर दुसऱ्या खोलीच्या स्पीकरांसाठी असलेल्या भोकांत खोचली होती. (आ) दुसऱ्या भेटीत ती नीट करण्याऐवजी रिसीव्हरला 'मध्य स्पीकर : नाही' असे सांगून ठेवले होते. (इ) डाव्या स्पीकरची लाल जागेची वायर काळ्या जागी व काळ्याची लाल जागी होती. म्हणजे एक स्पीकर खरोखरच उलटा बोलत होता.

८. दि. ६ जानेवारी रोजी संच बंद करून मी वायरी बदलल्या. सौ. अंबा प्रत्येक वायर चाचपून खात्री करीत होत्या. डिस्क लावली. एक बाई बोलली. सौ. अंबा यांनी हात पुढे केला व म्हणाल्या, "ही समोर उभी आहे." थोड्या वेळाने म्हणाल्या, "आतां उजवीकडे गेली. दार उघडलें." मी पडद्याकडे पाहिले. दार उजवीकडेच होते. त्या दिवशी आम्ही तो सिनेमा दोनदा लावला आणि दुसऱ्यांदा मी डोळे मिटून बसलो.

९. हे सर्व मी आपणांस आनंदाने कळविले. त्यावर आपले संदर्भीय पत्र आले की, ग्राहकाने स्वतः वायरी काढल्यामुळे हमी रद्द होते. ती पुन्हा चालू होण्यासाठी तंत्रज्ञ दि. ३ मार्च रोजी येऊन संपूर्ण जोडणी अहवालात नोंदलेल्या मूळ स्थितीत आणतील व त्यानंतर दोषाची तपासणी होईल. महोदय, मूळ स्थिती हाच दोष होता. तो काढण्यास आम्हांस दोन महिने लागले. तो परत बसविण्यासाठी आपण तिरुच्चीहून माणूस पाठवीत आहात. हे पत्र मी सौ. अंबा यांना वाचून दाखविल्यापासून गल्लीत स्कूटर थांबली की त्या रिसीव्हरजवळ जाऊन उभ्या राहतात.

१०. सबब विनंती की, दि. ३ मार्चची भेट रद्द करावी. हमी रद्द ठेवायची असल्यास खुशाल ठेवावी. मात्र अहवालातील शेरा खोडून त्या जागी असे लिहावे : "संचाच्या जोडणीत दोष होता. तो सौ. अंबा अनिरुद्धराव यांनी पहिल्यांदा ऐकताच सांगितला होता." त्याची सही-शिक्क्याची प्रत द्यावी. प्रत मराठीत असावी. आता ती मी त्यांना वाचून दाखवू शकतो.

तरी तंत्रज्ञ आलेच, तर त्यांना आम्ही कॉफी देऊ, बसवू, सिनेमा ऐकवू. वायरीला हात लावू देणार नाही.

उत्तर दि. ३ मार्चपूर्वी येईल अशा भरवशाने,
आपला नम्र ग्राहक,
(सही) आर. अनिरुद्धराव
तंजावूर, दि. १७ फेब्रुवारी २००३

सोबत :
१. सेवा अहवाल, तीन प्रती.
२. आपल्या पत्राची प्रत.
३. मार्गदर्शिकेतील छपाईच्या नऊ चुकांची यादी, पृष्ठ क्रमांकासह. (सौ. अंबा यांनी पुढील ग्राहकांच्या सोयीसाठी तयार केली आहे.)