कोकराची गोटी

१४ नोव्हेंबर, मंगळवार
आज सकाळी प्रार्थना आटोपून गोटी खिडकीशी धरली. लिंबाएवढी काच, आत पांढऱ्या मातीचं कोकरू. आजोबांनी इथे लाउशा गावातच, काचेच्या भट्टीवर केलेली. आता माझ्या थोरल्या बहिणीची, गुद्रुनची. तिचा घर तापवायचा बॉयलर बंद पडलाय. गोटी विकून नवा घेणार. रविवारी न्यूरेंबर्गचे संग्राहक झाइडल बघायला येणार. तोवर पारखायला माझ्याकडे. गुद्रुन म्हणाली, "एवाल्ड, नुसती बघ. हात शिवशिवले तर ते खिशात घाल." काचवाल्याच्या नातवाला सांगते!

१५ नोव्हेंबर
बुडाशी खरखरीत डाग. गरम काच दांडीवरून कात्रीने तोडल्याचा. असा माल आजोबा घराबाहेर जाऊ देत नसत. चाकावर घासून काढला, पॉलिश केलं. गोट्यांवरच्या पुस्तकात या डागाबद्दल काहीतरी आहे, पण पुस्तकं शहरातले लोक लिहितात. गोटी खोली तापवायच्या लोखंडी शेगडीवर वाळत ठेवली. किंमत दुप्पट धरायला हरकत नाही.

१६ नोव्हेंबर
शेगडीकडून 'टक्'. लोखंड तापलं की बोलतं.

१७ नोव्हेंबर
कोकराच्या मानेशी केसासारखी रेघ. लोकर असावी. काल चष्मा पुसला नव्हता. गुद्रुनचा फोन. म्हटलं, गोटी चकाकतेय. तिने विचारलं, "चकाकतेय म्हणजे?" दूध उतू जातंय म्हणून फोन ठेवला. दूध नव्हतं. उद्या तिला सगळं सांगायचं. नक्की.

१८ नोव्हेंबर
सांगायला गेलो. ती कोट घालून बटाटे सोलत होती, बोटं निळी. अशा वेळी बोलणं बरं दिसत नाही. रेघ कोकराच्या पोटापर्यंत आलीय. उजेडाचा खेळ. देवा, कोकरू सांभाळ.

१९ नोव्हेंबर, रविवार
गोटी शेगडीवरून उचलली, ऊब टिकावी म्हणून थेट खिशात. बाहेर बर्फ. चर्चमध्ये आमेनच्या आधी खिशात 'टक्'. पुढच्या बाकावरची म्हातारी वळली. मी खोकलो.

दुपारी
झाइडलसाहेबांनी गोटी आधी उलटी केली.
"तोडल्याची खूण कुठाय?"
"काढली," मी अभिमानाने म्हटलं.
"अहो, तीच तर हाताने केल्याची ओळख! आता ही तुमच्या आजोबांची की परवाची नक्कल, कोण सांगणार?"
त्यांनी गोटी टेबलावर ठेवली. ती दोन होऊन उघडली. एका अर्ध्यात कोकरू, मानेपासून वर काही नाही.
गुद्रुनने कोटाचं वरचं बटण लावलं.

२० नोव्हेंबर
चांगला डिंक मिळाला तर जोडता येईल. दुकानदाराने गोटीबद्दल विचारलं. म्हणजे गावभर झालंय. डिंक घेतला नाही.

२१ नोव्हेंबर
आज सकाळी माझी शेगडी सोडवली, बर्फावरच्या घसरगाडीला बांधली आणि उतारावरून गुद्रुनकडे नेली. दारातच तिने विचारलं, "ही घासून तर नाही ना आणलीस?" म्हटलं, "गंजासकट आहे." ती बाजूला झाली. मी शेगडी तिच्या धुराड्याला जोडली, पेटवली आणि रेघेचं, शुक्रवारपासूनचं, सगळं सांगितलं. "मला ठाऊक होतं," ती म्हणाली, "तुझ्याकडे दूध कधी असतं?"
हे कोट घालून लिहितोय.