याकीनला विचारायचं राहून गेलं

मिस्पाची छावणी,
सातूची कापणी उरकून तिसरा आठवडा, दुसरा दिवस

हमूटलताईस शफत्याचा नमस्कार.

परमेश्वर तुझं घर सुखात ठेवो. मी बरा आहे. ज्यांवर हे लिहितोय ती खापरं घेऊन नेरीच तुझ्या दारात उभा राहील, म्हणून आधी हेच लिहितो: तुझा होणारा जावई पळून आलेला नाही. गावात कोणी तसं म्हणालंच, तर वेशीत वडीलधाऱ्यांपुढे ही खापरं ठेव. त्याच्या पायांना फोड आलेत, तेल लाव. नोआला म्हणावं, रडणं पुरे, लग्नाच्या तयारीला लाग.

वल्हांडणाच्या सणाला तू मला बजावलं होतंस, "प्रश्न विचारणारा तूच आहेस. माझ्या पोरीचा होणारा नवरा परत आला नाही, तर माझा उंबरा चढू नकोस." मी फटकन बोललो, की राजाच्या चाकरीतलं तुला काय कळतं. ते मनात ठेवू नकोस.

इथे खाण्याचे हाल नाहीत. भाजलेले दाणे मिळतात, मसूरही. पाणी मात्र लांबून आणावं लागतं.

सैन्य जमलं, की याजकाच्या मागोमाग आम्ही अंमलदारांनी चार प्रश्न विचारायचे, हा देवाचा नियम तुला पाठ आहे. नवं घर बांधून त्यात राहायचा कोण राहिलाय? मळा लावून द्राक्षं कोणी चाखली नाहीत? सोयरीक होऊन बायको कोणी आणली नाही? कोणाला भीती वाटते? त्याने घरी जावं. पण विचारण्याआधी रांग सोडली, तर तो फितूर.

यंदा शत्रू सीमेवर येऊन ठेपलाय आणि राजाला माणसं कमी पडतायत. सरदार अज्जूर निरोप घेऊन आला. "शफत्या, याजकाचं झालं की थेट भाले वाटायचे. प्रश्नबिश्न काही नाही."

"देवाचा नियम आहे, सरदार."

"देवाला राजाने सात बैल दिलेत. तो घेईल समजून."

मी मान डोलावली.

आज सकाळी नेरी पुढच्याच रांगेत होता. रांग लागण्याआधी विहिरीवर मला गाठून म्हणाला, "मामा, प्रश्न विसरलात तर काही म्हणणं नाही. पण आठवत असून विचारले नाहीत, तर नोआला काय निरोप देऊ?" मी त्याला गप्प बस म्हणालो. मग याजक बोलून थांबला, भाल्यांच्या मोळ्या सुटल्या, आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघून गेला. मग थांबणं नव्हतं. चौथा विचारताना माझेच पाय लटपटत होते. जवळजवळ निम्मी तुकडी रांगेतून बाहेर पडली.

अज्जूरने माझी काठी हिसकावली. "तुझेही पाय कापतायत की रे! जा, तूही जा भित्र्यांबरोबर. बहिणीच्या पदराआड बस."

नियमाने मी येऊ शकलो असतो, ताई. यायचं होतं. मला फार भीती वाटते.

पण राजाचा तो निरोप आजचा नाही, चार दिवसांपूर्वीचा आहे. त्या दिवशी पहिली तुकडी सीमेवर गेली, आणि मी तोंड उघडलं नाही. त्या तुकडीत आपल्या शेजारचा याकीन होता. त्याच्या नव्या घराच्या धाब्याची माती मी स्वतः चोपून दिली होती, आणि अजून एक रात्रही तो आत निजलेला नाही. भाला हातात घेईपर्यंत तो माझ्या तोंडाकडे बघत होता. आज देवाच्या भयाने विचारलं असं लिहिलं, तर ते खोटं होईल. नेरी आपला होता, म्हणून विचारलं.

मी अज्जूरकडे सीमेवरच्या तुकडीत जाण्याची परवानगी मागितली. तो हसला. "जा. पण तिथे प्रश्न विचारलेस, तर आपलाच भाला पाठीत बसेल." नेरी माझ्यासाठी थांबत होता. मी त्याला हाकलून लावतोय.

याकीनची बायको विचारायला येईल. तिला खोटा धीर देऊ नकोस. सांग, तुझ्या नवऱ्याला एक प्रश्न विचारायचा राहिला होता, तो विचारायला शफत्या गेलाय.

तुझा उंबरा मी याकीनला घेऊनच चढेन, नाहीतर नाही.

तुझा धाकटा,
शफत्या