नौदलाच्या फाटकासमोरचं दुकान

निकोबारातल्या आमच्या बेटावर एक अंडं अठरा रुपयांना पडे: कोंबडीचे सहा, जहाजाचे चार, वाटेत फुटलेल्या भावंडांचे तीन आणि फौज शेजारी असल्याचे पाच. हे शेवटचे पाच घरच्यांनी विसरू नयेत म्हणून मी, शिवाजीराव नामदेव पतंगे, वय ७४, धंदा शिवणकाम, राहणार देवास, पूर्ण शुद्धीत, चहा घेऊन, कोणाच्याही धाकाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवतो.

१. देवासचं घर स्वकष्टार्जित. विटा माझ्या बेटावरच्या शिलाईच्या, पण शेवटचे हप्ते पत्नी सौ. चारुलता हिच्या शाळेच्या पगारातले. सबब घर तिचं. तिच्या हयातीत कोणी विकू वा गहाण टाकू नये. चिरंजीव अजेय रोज म्हणतो, "बाबा, घर बेचून बेटावर लॉज टाकू ना! रनवे बन रहा है, फौज परत येणार!" म्हणूनच हे कलम पहिलं.

२. बेटावरचं दुकान, सध्या कुलूपबंद, मशीनसकट अजेयला. चालवायचं तर स्वतःच्या पैशाने. फाटक उघडं असलं की मासे दुप्पट भावाने जातात, नारळवाला मोटारसायकल घेतो, पोरं वाडी सोडून हमाली धरतात. नवी तुकडी आली की नावाच्या पट्ट्या शिवाव्या. रेशनचं जहाज लागलं की पँटी सैल कराव्या. कंबर मोजताना माझे कान उघडे असत. बदलीची खबर साहेबाच्या आधी मला, हे सारं बेट मानी.

३. मोठी कात्री कन्या ऋजुताला. हात तिचाच सरळ आहे.

४. मेहुणे वीरेंद्र १९९१ साली चारचौघांत म्हणाले होते, "समुद्रात कपडे कोण शिवून घेणार, मासे?" त्यांना माझा टेप द्यावा. त्यांनी घर मोजून घ्यावं.

स्थळ: देवास. दिनांक: १२ जानेवारी २०२५.
सही: शि. ना. पतंगे

साक्षीदार १: सौ. भवानीबाई जाधव, शेजारी.

साक्षीदार २: उमाशंकर तिवारी, बेटावरच्या नौदल मेसचे निवृत्त खानसामे, हल्ली मुक्काम खातेगांव. हे वाचून म्हणाले, "दादा, कलम दो में गप है. सुधारो, नी तो साइन नी करूँ." सबब दुरुस्ती: शेवटची तुकडी पहाटेच्या जहाजाने गेली. मला कळलं सकाळी नऊला, फाटकाचं कुलूप बघून. त्या आठवड्यात अंडं तेरावर आलं. माझ्याकडे बेचाळीस पँटी इस्त्री करून तयार होत्या.