पांढऱ्या छत्रीचं बोंड

५ नोव्हेंबर
आज भिक्खूंची छत्री संपवली. वरचं लाकडी बोंड मी कातलं. दांडा मी तासला. बेचाळीस काड्या मी चिरल्या, घासल्या, भोकं पाडली. कापड मी ताणलं, पाणी अडवायला वर लावायचा फळांचा चीक मीच कुटून काढला. आमच्या पाथेइन गावात हेच काम पाच घरांत फिरतं. माझ्याकडे दोन हातांत! शिकवलं कोणी नाही — एकोणिसाव्या वर्षी एक मोडकी छत्री सोडवून पाहिली, तेवढंच.

संध्याकाळी यांगूनहून को थिहा म्हणून कोणी आला. पांढरी छत्री हवी. चीक लावायचा नाही! मग पावसात काय करणार तिचं?

८ नोव्हेंबर
पुन्हा आला. खिळा बाजारचा नको, दोरा गिरणीचा नको. "जुन्या पद्धतीनं, उस्ताद." कुणासाठी? नुसता हसला. राजाच्या काळी दुसऱ्या कुणी पांढरी छत्री उघडली तर मान जायची, आजी सांगायची. याला कशाला हवी?

बायको म्हणते, "अहो, मुलगी द्यायची आहे का त्याला? छत्रीच द्यायची ना!"

२९ नोव्हेंबर
झाली. अशी पुन्हा मलासुद्धा जमणार नाही. शिवणीपासून सत्ताविसाव्या काडीची गाठ आत वळली, तेवढं सोडून. सगळ्या काड्या बोंडात एकाच दोऱ्यावर, वर टोपी शिवलेली. तो दोरा कापला की छत्री संपली.

को थिहानं घासाघीस केली नाही. एकदाही!

३० नोव्हेंबर
चहाच्या दुकानात चौकशी केली. त्याला कोणी ओळखत नाही.

१७ जानेवारी
माल पोचवायला यांगूनला गेलो. एका खासगी संग्रहालयात जुन्या छत्र्या मांडल्यात म्हणून आत शिरलो.

काचेत माझी छत्री! चहाच्या पाण्यात पिवळी केलेली, दांड्याला काजळी. पाटी: 'राजवाड्यातील, दीडशे वर्षांपूर्वीची.' काड्या मोजल्या. सत्ताविसावी — गाठ आत.

शेजारी एक म्हातारी नातीला सांगत होती, "बघून घे. अशी आता कोण करणार? ती माणसंच गेली गं."

मी तिच्या मागेच उभा! खोटं कशाला लिहू — बरं वाटलं.

पहारेकरी म्हणाला, "काका, काचेवरचं नाक काढा."

संग्रहालय सांभाळणाऱ्या बाईंना सांगितलं, ही माझी. त्या म्हणाल्या, "असं सांगणारे दर आठवड्याला येतात. पुरावा आहे?"

होता. पण चपला घालून बाहेर पडलो.

२४ जानेवारी
को थिहा दारात. हातात केळ्यांचा घड. "अजून चार करा, उस्ताद. आणि त्या बाईंशी पुन्हा बोलू नका."

मी बोललो हे याला कळलं कसं? बाईच सामील?

विचार करून सांगतो म्हणालो.

२६ जानेवारी
पत्र टाकलं. बाईंना नाही, वर्तमानपत्राला. लिहिलं: चारचौघांसमोर छत्रीची टोपी उसवा, दोरा कापा, बोंडाच्या खाचेत बघा. छत्रीवर आमच्यात कोणी नाव घालत नाही. या एकीवर मी घातलंय, तारखेसकट — करतानाच शंका आली होती. छत्री जाईल. जाऊ दे.

काल को थिहा पुन्हा आला; चार छत्र्यांचे आणि गप्प बसण्याचे मिळून साठ लाख क्याट देत होता. नाही म्हणालो.