जिवंतांची तारीख

२९ मार्च, रविवार
आलो एकदाचा! इतकी वर्षं तांता शहरात काढली, आता आईच्या घरी राहून आमच्याच गावच्या जन्ममृत्यू नोंदणी कचेरीत नोकरी. काम एकच, डेटाबेसचा म्हातारा सर्व्हर नव्या आवृत्तीवर न्यायचा. कचेरीतच राहणाऱ्या बिश्लावीकाकांनी पुदिन्याचा चहा दिला. साखर किती ते विचारलंच नाही, ओतली. सर्व्हरची खोली पाहून मी नाक मुरडलं, तर मुख्य कारकून अवातिफबाई म्हणाल्या, "इंजिनीअरसाहेब, नाकं मुरडणारे कितीतरी आले नि गेले. सर्व्हर आहे तिथेच आहे."

३० मार्च, सोमवार
एक गंमत. इथे जिवंत माणसाच्या मृत्यूच्या रकान्यात शून्यं भरतात. शून्य दिवस, शून्य महिना, शून्य वर्ष. नव्या बाळाची नोंद झाली की अवातिफबाई 'इडापिडा टळो' पुटपुटत स्वतःच्या हाताने शून्यं घालतात. रकाना रिकामाच का ठेवत नाही, असं विचारलं. म्हणाल्या, खणून ठेवलेली कबर रिकामी राहिलेली कधी पाहिलीत का? मी हसलो. नमुना म्हणून आईची नोंद उघडली. तिच्या पेन्शनसाठी खेटे घालून तिचा ओळख क्रमांक मला तोंडपाठ झालाय. तिथेही शून्यं.

३ एप्रिल, शुक्रवार
शुक्रवारची साप्ताहिक सुट्टी, कचेरी ओस. आधी जुन्या माहितीची पूर्ण प्रत काढून ठेवली. ती शिस्त मी सोडत नाही. नवी आवृत्ती शून्य तारीख घेईना. अशी तारीख नसतेच, हे तिचं म्हणणं बरोबरच आहे. एकाच आज्ञेत सगळी शून्यं पुसून रकाने रिकामे केले. मग सगळं सुरळीत. घरी आईने मासे तळले होते.

५ एप्रिल, रविवार
अवातिफबाईंना सांगितलं. ओरडतील असं वाटलं होतं, पण त्या नुसत्या खाली बसल्या. दुपारी माझी स्वतःची नोंद तांता शहरातून इकडे वर्ग झाली. तिथली पुसली गेली. आता मी इथला.

८ एप्रिल, बुधवार
रिकाम्या रकान्यांत आपोआप तारखा येताहेत. कुणी भरल्याचा माग नाही. सगळ्या पुढच्या तारखा. बिश्लावीकाकांच्या नावापुढे उद्याची. पुसली. परत आली.

९ एप्रिल, गुरुवार
बिश्लावीकाका चहा ओतता ओतता गेले. रडू यायला हवं होतं. काहीच वाटलं नाही, आतून बधिर झालोय. मी ग्लास उचलले आणि धुतले.

१२ एप्रिल, रविवार
आईच्या रकान्यात उद्याची तारीख.
उद्या शम्म अन्-नसीम, वसंताचा सण. त्यासाठी तिने खारवलेला मासा आणून ठेवला होता. दरवर्षी कुणाला तरी त्यातून विषबाधा होते; मी तो फेकला. भडकली, "वर्षातून एकदा खाते, तेही बघवत नाही तुला!"
शून्यं घालून पाहिली. घेत नाही. घेतच नाही — आता जुनी आवृत्ती आणि जुनी प्रत, एवढंच —
त्या प्रतीत मी नाही. माझी नोंद नंतर आली. असू दे. पुन्हा भरता येईल.

१३ एप्रिल, सोमवार
झालं. जुनी प्रत परत चढवली, जुनी आवृत्ती चालू. आईचा क्रमांक टाकला. शून्यं. शून्यं!

दार उघडलं. बिश्लावीकाका. हातात चहाचा ट्रे. विचारलं, सुट्टीच्या दिवशी आत कसा आलास, कोण तू?

आईला फोन लावला. आवाज ठणठणीत. मी 'आई' म्हणालो. ती मायेने म्हणाली, बाळा, नंबर चुकला असेल तुझा, मला मूलबाळ नाही रे.

वाचली. बरं झालं. हात माझे वाटत नाहीत.

आता माझी नोंद भरतो. पहिला रकाना, नाव. आईचा क्रमांक अजून तोंडपाठ आहे — माझा — नाव, आधी नाव — बिश्लावीकाका दारातच उभे, पुन्हा तेच विचारताहेत — सांगतो, काका, थांबा, मी —